पाहणारे अंतःकरण

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू डोंगरावर बसून कोणाकोणाला धन्य म्हणतो, ते वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. प्रत्येक धन्यतेला एक आश्वासन जोडलेले आहे आणि बहुतेक ठिकाणी त्या दोहोंचा सांधा उघड दिसतो. शोक करणाऱ्यांना सांत्वन, नीतिमत्त्वासाठी भुकेलेल्यांना तृप्ती, दया करणाऱ्यांना दया. भुकेल्याला अन्न हवे आणि रडणाऱ्याला धीर. त्याचे स्पष्टीकरण लागत नाही. सहाव्या धन्यतेपाशी मात्र वाचकाने थबकायला हवे. अंतःकरणाने शुद्ध असलेल्यांना देव दिसेल, असा तिचा आशय आहे. शुद्धतेचा आणि दिसण्याचा असा कोणता आतला संबंध आहे? आपण बहुधा हा प्रश्न विचारतच नाही. चांगले वागावे, वाईट विचार दूर ठेवावेत, मग मरणानंतर बक्षीस म्हणून देवाचे दर्शन होईल, असा सरळ हिशेब मनात धरून पुढे जातो. पण बाकीच्या धन्यता अशा हिशेबाच्या नाहीत. भूक आणि तृप्ती यांच्यात जो सांधा आहे तोच शुद्धता आणि दर्शन यांच्यातही असेल, तर शुद्धतेला दर्शनाची किंमत समजणे चूक ठरते. ती दर्शनाची क्षमता असली पाहिजे. मला या लेखात हेच मांडायचे आहे. आणि त्याला लागूनच दुसरी एक गोष्ट, की ही क्षमता आली आहे की नाही याची पारख समोरच्या माणसाकडे पाहताना होते.

आधी शब्दांकडे वळू. प्रचलित मराठी बायबल इथे ‘अंतःकरण’ हा शब्द वापरते, आणि तो फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कार्दिया’, आणि त्यामागे हिब्रू विचारातला ‘लेव’. हिब्रू माणसासाठी ‘लेव’ म्हणजे भावनांची जागा एवढेच नव्हते. विचार करणे, ठरवणे, आठवण ठेवणे, समजणे, हे सारे तिथेच होत असे. आज ‘हृदय’ म्हटले की डोळ्यांपुढे प्रेम आणि हळवेपणा येतो. ‘अंतःकरण’ म्हटले की मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार हे चारही घटक सामावतात, कारण हा शब्द आपल्याकडे तत्त्वविचारातून आला आहे. शिवाय ‘करण’ म्हणजे साधन. डोळे, कान ही बाहेरची करणे. ज्याने आपण जाणतो ते आतले करण. साधन मळलेले असेल तर काम बिघडते, हे सुताराला सांगावे लागत नाही आणि चष्मा वापरणाऱ्यालाही नाही. इथे एक आक्षेप येऊ शकतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले तेव्हा हिंदू तत्त्वज्ञानाचा भार वाहणारे शब्द टाळण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. असे शब्द वाचकाला नकळत भलत्या अर्थाकडे नेतील ही त्यांची भीती खरी होती. ‘चित्तशुद्धी’सारख्या शब्दाबाबत ती मला आजही पटते, कारण त्याने चित्त शांत करण्याच्या साधनेकडे लक्ष जाते आणि येशूचा रोख वेगळा आहे. ‘अंतःकरण’ या शब्दाने मात्र मूळ अर्थ झाकला न जाता उलट उघडतो, असे माझे मत आहे. ‘शुद्ध’साठी ग्रीकमध्ये ‘कथारोस’ आहे. धुतलेले कापड, पाखडलेले धान्य, भेसळ नसलेला धातू, या सगळ्यांसाठी तो शब्द चाले. म्हणजे त्यात स्वच्छतेइतकेच निर्भेळपण आहे.

येशूचे ऐकणारे यहुदी होते आणि त्यांच्या कानांत 24 वे स्तोत्र असणार. यरुशलेमच्या डोंगरावर, परमेश्वराच्या पवित्र स्थानी कोण चढू शकेल, असा प्रश्न त्यात विचारला आहे आणि स्वच्छ हात व शुद्ध अंतःकरण असलेला माणूस हे त्याचे उत्तर आहे. पुढे लगेच त्या शुद्धतेचा खुलासा येतो. असा माणूस खोट्याकडे आपला जीव वळवत नाही आणि कपटाने शपथ घेत नाही. त्यानंतर स्तोत्र म्हणते की देवाचे मुख शोधणाऱ्यांची पिढी ती हीच. शुद्धता, निष्कपटपणा आणि मुखाचा शोध, ही तिन्ही एका दमात आली आहेत. म्हणून परूशी लोकांशी येशूचा वाद झाला तो यहुदी धर्माशी झालेला वाद होता, असे समजणे ख्रिस्ती वाचकाने सोडले पाहिजे. मार्काच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून प्रश्न निघतो. बाहेरून पोटात जाणारे माणसाला विटाळत नाही, आतून निघणारे विटाळते, हे येशूचे उत्तर त्याच स्तोत्राच्या परंपरेतून आलेले आहे. मत्तयाच्या 23 व्या अध्यायात तो बाहेरून घासलेल्या वाटीचे आणि चुना लावलेल्या कबरीचे उदाहरण देतो. दोन्हींत दोष एकच आहे: आत एक, बाहेर दुसरे.

आता त्याच डोंगरावरील प्रवचनात पुढे जाऊ, कारण सहाव्या धन्यतेवरचे सर्वांत चांगले भाष्य तिथेच आहे. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांविषयी येशू इशारा देतो. ही कामे लोकांना दिसावीत म्हणून करू नका; गुप्तात पाहणारा पिता ती पाहतो. दोन प्रकारची माणसे इथे समोरासमोर येतात. एकाला दिसायचे आहे, दुसऱ्याला पाहायचे आहे. आपण कसे दिसतो याचा हिशेब सतत चालू असलेल्या मनाला समोर जे आहे ते पाहायला सवड नसते. थोडे पुढे डोळ्याला शरीराचा दिवा म्हटले आहे. डोळा ‘हाप्लूस’ असेल तर सारे शरीर प्रकाशमय होईल. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ साधा, एकपदरी, घडी न पडलेला असा आहे. लगेच पुढच्या वाक्यांत दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची एकदम सेवा होत नाही, हे येते. मग सातव्या अध्यायात ते उदाहरण येते जे मराठीत म्हणीसारखे रुळले आहे: दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ. म्हण म्हणून वापरताना आपण अर्धेच वापरतो. दुसऱ्याचे दोष काढू नकोस, एवढ्यावर ती थांबते. येशू पुढे जातो. आधी आपले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. स्वतःला निर्मळ करण्याचे फळ म्हणून इथे भाऊ स्पष्ट दिसू लागतो. पाचव्या अध्यायात शुद्ध अंतःकरणाला देव दिसतो आणि सातव्या अध्यायात स्वच्छ डोळ्याला भाऊ दिसतो. एकाच प्रवचनातल्या या दोन गोष्टी अलग वाचण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

तर मग अंतःकरणाला मलिन करते काय? सामान्य समजूत वासनेकडे, त्यातही कामवासनेकडे बोट दाखवते; ख्रिस्ती उपदेशकांनी ती समजूत पुष्कळ पोसली आहे. सहाव्या धन्यतेला केवळ ब्रह्मचर्याचे वचन करून टाकले की ती विवाहितांना लागू पडत नाही आणि संन्याशाला फुकट मिळते. योहान कॅसियन याने पाचव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासीयांची संभाषणे लिहून ठेवली. त्यांतल्या पहिल्याच संभाषणात मोशे नावाचे आब्बा, म्हणजे वडीलधारे साधू, सांगतात की शेतकऱ्याचे अंतिम साध्य पीक असते, पण त्याची रोजची नजर तण काढलेल्या स्वच्छ शेतावर असते. तसे संन्याशाचे साध्य देवाचे राज्य आणि रोजचे लक्ष्य अंतःकरणाची शुद्धता. लगेच ते एक निरीक्षण सांगतात, जे मला या साऱ्या वाङ्मयात अत्यंत प्रामाणिक वाटते. सोनेनाणे, जमीनजुमला सोडून आलेली माणसे इथे एका चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून संतापतात. काहीजण हातातली पोथी इतकी घट्ट धरतात की दुसऱ्याला वाचायलाच मिळत नाही. सगळे सोडले आणि ‘माझे’ तेवढे सोबत आले. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्ड याने 1847 साली पापकबुलीच्या प्रसंगासाठी लिहिलेल्या प्रदीर्घ प्रवचनात हाच धागा पकडला. शुद्ध अंतःकरण म्हणजे एकच गोष्ट इच्छिणे, असे त्याचे प्रतिपादन आहे. बक्षिसासाठी चांगले करणारा दोन गोष्टी इच्छितो. शिक्षेच्या भीतीने चांगले करणाराही दोन इच्छितो. चांगल्याचा विजय आपल्याच हातून व्हावा असे वाटणारा तर फार सूक्ष्मपणे दोन इच्छितो. याकोबाच्या पत्रात दुचित्त माणसांना अंतःकरणे शुद्ध करण्यास सांगितले आहे, आणि किर्केगार्डचे विवेचन त्या वचनापासूनच सुरू होते. मलिनता म्हणजे मुळात ही भेसळ, देवाचे नाव घेत स्वतःकडे वळलेली नजर.

पण नजर खरेच अशी बिघडते का? अंतःकरणाच्या अवस्थेचा पाहण्याशी संबंध आहे हे एक धार्मिक रूपक तेवढे आहे, असे कोणी म्हणेल. इथे साक्ष देण्यासाठी मी मुद्दाम अशी व्यक्ती निवडतो जिचा सगुण देवावर विश्वास नव्हता. आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ कादंबरीकर्तीने 1970 च्या आपल्या पुस्तकात सासू-सुनेचे एक उदाहरण दिले आहे. सासूला सून मनाने बरी पण गावंढळ, उथळ, फार बोलकी वाटते. आपल्या मुलाने स्वतःपेक्षा कमी दर्जाच्या घरात लग्न केले असे तिच्या मनात आहे. ती सुसंस्कृत बाई असल्यामुळे हे तिच्या वागण्यात कुठेच दिसत नाही. पुढे सून दूर देशी गेली किंवा वारली असे धरून चालू, म्हणजे बाहेर काही बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. आता ही सासू स्वतःशी म्हणते की मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मला मत्सरही वाटत असेल, एकदा पुन्हा नीट पाहते. आणि पाहता पाहता गावंढळपणाच्या जागी तिला साधेपणा दिसू लागतो, उथळपणाच्या जागी मोकळेपणा. मर्डॉकचा मुद्दा असा की सासूने सुनेबद्दल उदार कल्पना करून घेतलेली नाही. तिला आधी जे दिसत नव्हते ते आता दिसते आहे. आपल्याकडच्या कुठल्याही घराला हे उदाहरण परके वाटणार नाही. सून तीच, डोळे तेच, तरी मत्सर बाजूला झाल्यावर सत्य अधिक दिसते. माणसाच्या बाबतीत हे खरे असेल, तर ज्याला आपण प्रेमस्वरूप म्हणतो त्या देवाच्या बाबतीत ते खरे नसण्याचे कारण कोणते? दगड मोजायला निर्मळ मन लागत नाही. पण व्यक्तीला ओळखायला लागते, आणि ख्रिस्ती विश्वासातला देव ही वस्तू नाही.

यावर पहिला मोठा आक्षेप खुद्द बायबलमधून येतो. निर्गमच्या 33 व्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहायला मागतो आणि त्याला उत्तर मिळते की देवाचे मुख पाहून कोणी जिवंत राहणार नाही. त्याला खडकाच्या कपारीत लपवले जाते आणि देव पुढे गेल्यावर फक्त पाठीमागून पाहू दिले जाते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ आणि त्याचे पहिले पत्र दोन्ही म्हणतात की देवाला कोणी कधी पाहिलेले नाही. मग येशूचे आश्वासन अशक्याचे आश्वासन ठरते काय? चौथ्या शतकात कप्पदुकियातील निस्सा गावचा बिशप ग्रेगरी याने धन्यतांवरच्या सहाव्या प्रवचनात नेमका हाच प्रश्न उभा केला. उंच कड्यावरून खालच्या अथांग समुद्राकडे पाहताना भोवळ यावी तसे या वचनाकडे पाहताना होते, असे तो म्हणतो. प्रश्न गुळगुळीत करून टाळण्यापेक्षा अशी कबुली मला मोलाची वाटते. त्याचे उत्तर दुहेरी आहे. देव स्वरूपाने बुद्धीच्या आवाक्यापलीकडे आहे आणि तसाच राहतो. पण माणूस त्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे. गंजलेले लोखंड सहाणेवर घासले की पुन्हा चमकते आणि त्यात सूर्य दिसतो, तसे स्वच्छ झालेल्या अंतःकरणात देवाचे सौंदर्य उमटते. आरोग्याविषयी माहिती असणे आणि निरोगी असणे यांत जेवढे अंतर, तेवढे देवाविषयी जाणणे आणि देव आत असणे यांत आहे. मोशेच्या चरित्रावरच्या ग्रंथात तोच ग्रेगरी पाठीमागून पाहण्याचा अर्थ सांगतो: जो मागे चालतो त्याला पुढच्याची पाठ दिसते, म्हणून देवाला पाहणे म्हणजे त्याच्या मागे चालणे. पुढे पश्चिमेत थॉमस अक्वायनसने परलोकातील पूर्ण दर्शनाची मीमांसा केली आणि पूर्वेत ग्रेगरी पालामासने देवाचे अगम्य स्वरूप व त्याच्या प्रकट होणाऱ्या क्रिया यांत भेद केला. त्या तपशिलात इथे शिरत नाही. मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्राचीन दरबारांत राजाचे मुख पाहणे म्हणजे त्याच्या सान्निध्यात प्रवेश असणे. बायबलच्या राजांच्या आणि एस्तेरच्या पुस्तकांत हा वाक्प्रचार त्याच अर्थाने येतो. मराठीतले ‘दर्शन’ही असेच आहे. आपण दर्शन ‘घेतो’ आणि समोरचा ते ‘देतो’. त्यात डोळ्यांपेक्षा भेटीला महत्त्व आहे. योहानाच्या पत्रातही, देवाला कोणी पाहिले नाही म्हटल्यावर लगेच काय येते? आपण एकमेकांवर प्रीती केली तर देव आपल्यात राहतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. शुद्ध असेल त्यालाच देव दिसतो म्हणावे, तर यशयाचे काय? त्याने मंदिरात उच्च सिंहासनावर बसलेल्या प्रभूला पाहिले आणि त्याच्या तोंडून पहिली किंकाळी निघाली ती आपले ओठ अशुद्ध असल्याची. निखाऱ्याने त्याचे ओठ शुद्ध झाले ते नंतर. पौल तर दिमिष्कच्या वाटेवर मंडळीचा छळ करायलाच निघाला होता. म्हणजे आधी दर्शन, मग शुद्धी. माझ्या मांडणीच्या नेमके उलट. शिवाय आधी शुद्ध झालेच पाहिजे असे असेल तर आपल्यापैकी कोणाचा नंबर लागणार? मी हा आक्षेप मान्य करतो आणि त्याने मांडणी सुधारते असे मला वाटते. अंतःकरण स्वतःला धुऊन काढते आणि मग देवापुढे जाते, असे ख्रिस्ती विश्वास म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र परराष्ट्रीयांविषयी सांगतो की देवाने विश्वासाने त्यांची अंतःकरणे शुद्ध केली. कर्ता तिथे देव आहे. पश्चात्तापाचे 51 वे स्तोत्र लिहिणारा शुद्ध अंतःकरण मागतो, मिळवल्याचे सांगत नाही. पण यशयाला त्या दर्शनात सर्वांत आधी काय स्पष्ट दिसले? स्वतःचे ओठ. पौलाला दिसले की ज्यांना आपण छळतो त्यांच्यातच येशू आहे. त्याने ऐकलेला प्रश्न, मला का छळतोस, हाच होता. आणि त्यानंतर तीन दिवस तो आंधळा राहिला. अंधाऱ्या खोलीत खिडकी उघडली की उजेडाबरोबर धूळही दिसते, आणि धूळ झटकली की उजेड आणखी आत येतो. शुद्धी आणि दर्शन यांत पहिले पाऊल कोणाचे, याचे उत्तर कृपा; पण दर्शन टिकते आणि वाढते ते शुद्धीच्या वाटेनेच.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. हा सारा बंदिस्त युक्तिवाद आहे, असे नास्तिक म्हणेल. ज्याला देव दिसतो तो शुद्ध. ज्याला दिसत नाही त्याचे मन मलिन. अशा विधानाला खोटे ठरवण्याची सोयच नाही. सिग्मंड फ्रॉइडने 1927 च्या आपल्या ग्रंथात म्हटले की धर्म ही मानवाच्या प्राचीन इच्छांची पूर्ती करणारी भ्रांती आहे. पाहण्याची उत्कट इच्छा असलेल्याला दिसणारच. यातला पहिला भाग मला अंशतः मान्य आहे. सहावी धन्यता अविश्वासी माणसाच्या तोंडावर फेकण्यासाठी वापरली गेली असेल तर तो तिचा दुरुपयोग आहे. शुभवर्तमानांत आंधळेपणाचा आरोप बहुधा धार्मिकांवर होतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि त्याची चौकशी करणारे जाणते लोक मात्र, आम्हाला दिसते असे म्हणत असल्यामुळेच, दोषी राहतात. फ्रॉइडच्या आक्षेपाचे म्हणाल, तर शुद्ध अंतःकरणाची शिकवण त्याच रोगावर बोट ठेवते. इच्छा दृष्टी गढूळ करते, स्वतःला हवा तो देव दाखवते, हे फ्रॉइडच्या कितीतरी आधी वाळवंटातल्या साधूंना ठाऊक होते. एका मठवासीयापुढे सैतान देवदूताच्या रूपात आला आणि मी गब्रीएल, तुझ्याकडे पाठवलेला आहे असे म्हणाला. तेव्हा तो साधू म्हणाला की तू दुसऱ्या कोणाकडे जाणार असशील, मी त्या योग्यतेचा नाही. आणि ते रूप नाहीसे झाले. सोळाव्या शतकातला क्रूसाचा संत योहान तर देवाकडून आलेल्या दृष्टांतांनाही चिकटून राहू नका असे शिकवतो. ज्या परंपरेने आपल्याच दर्शनांवर असा पहारा बसवला तिला इच्छापूर्तीचे यंत्र म्हणता येत नाही. आणि या विधानाला खोटे ठरवण्याची सोय आहेच; योहानाच्या पहिल्या पत्रात ती दिली आहे. दिसणाऱ्या भावावर प्रेम न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रेम करू शकत नाही. कोणी कितीही दर्शनांचा दावा करो, शेजारचा माणूस त्याला माणूस म्हणून दिसत नसेल तर तो दावा फोल आहे.

ही कसोटी वैयक्तिक दाव्यांइतकीच समूहांनाही लावावी लागते, आणि तिथे ख्रिस्ती इतिहासाला मान खाली घालावी लागते. सन 250 मध्ये सम्राट देकियसच्या छळात अनेकांनी जिवाच्या भीतीने रोमच्या देवतांना बली अर्पण केले. छळ ओसरल्यावर ते पश्चात्तापाने परत आले, तेव्हा रोममधील नोव्हेशियनच्या गटाने त्यांना मंडळीत घेण्यास नकार दिला आणि वेगळी वाट धरली. हा गट स्वतःला ‘कथारोई’ म्हणजे शुद्ध म्हणवू लागला. 325 सालच्या निकीया परिषदेच्या आठव्या नियमात त्यांचा उल्लेख याच नावाने आहे. सहाव्या धन्यतेतला शब्द घेऊन त्यांनी दाराला कडी लावली. मनाच्या एकपणाला कट्टरपणाचे रूप येते ते असे, आणि किर्केगार्डवर घेतला जाणारा आक्षेपही हाच आहे की कट्टर माणूससुद्धा एकच गोष्ट इच्छितो. त्याने याला उत्तर देऊन ठेवले आहे: वाईट हे स्वतःतच दुभंगलेले असते, त्यामुळे ते ‘एक’ असूच शकत नाही. त्यात मी एवढेच जोडेन की कट्टर माणसाच्या एकाग्रतेत आपल्या गटाचा विजय नेहमीच मिसळलेला असतो आणि म्हणून समोरचा रडणारा माणूस त्याला दिसत नाही. महाराष्ट्रात शुद्धता हा शब्द उच्चारला की सोवळे-ओवळे आणि विटाळ यांची सावली पडतेच. संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारले होते की देहच विटाळातून जन्मतो, तर विटाळावेगळा आहे कोण? यापो येथे छपरावर पेत्राला दिसलेल्या दृष्टान्ताचा आशय याच्या अगदी जवळचा आहे. देवाने शुद्ध केले त्याला तू निषिद्ध मानू नकोस, असा धडा घेऊन तो कैसरियाला कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरात पाऊल टाकतो. तरीही ख्रिस्ती मंडळीत जात शिरली. गोव्यातील अनेक चर्चच्या कोंफ्रारियांत, म्हणजे धार्मिक बंधुसंघांत, जातीवरून सभासदत्व ठरण्याची रीत दीर्घकाळ चालली. अशा वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुमंडळाची आठवण होते. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दरबार म्हणजे मुखदर्शनाची जागा, आणि तिचे दार टिळकांनी रुंद ठेवले.

उरतो एक प्रश्न, जो कदाचित प्रामाणिक वाचकाच्या मनात केव्हाचा असेल. निर्मळ मनाची, दुसऱ्यासाठी झिजणारी अशी पुष्कळ माणसे आहेत ज्यांना देव दिसल्याची कसलीच जाणीव नाही. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक दशके त्यांना अंतर्यामी देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते. प्रार्थनेत कोरडेपणा आणि अंधार होता. त्या काळात त्या रोज कोलकात्याच्या रस्त्यांवरच्या मरणासन्न माणसांकडे जात होत्या. दर्शन म्हणजे आतला गोड अनुभव, अशी व्याख्या केली तर त्यांना काहीच मिळाले नाही असे म्हणावे लागेल. पण मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात पाहण्याचा विषय डोंगरावर सुरू केला आणि 25 व्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगात पुन्हा हातात घेतला. राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका, उघडा, आजारी, बंदिवान होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. ते गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले, असे विचारतात. डावीकडचेही तोच प्रश्न विचारतात, जवळजवळ त्याच शब्दांत. तोवर दोन्हीकडच्या कोणालाही राजा ओळखता आलेला नाही. फरक एवढाच की उजवीकडच्यांनी भुकेल्याला पाहिले होते, आणि त्या वेळी ते स्वतःकडे, आपल्या पुण्याकडे किंवा राजाच्या खुशीकडे पाहत नव्हते.